विश्लेषण : ‘थिंग’ म्हणजे वस्तू की संसद? एका साध्या इंग्रजी शब्दाचा हजार वर्षांचा प्रवास कसा झाला?

‘समथिंग’, ‘एनीथिंग’, ‘नथिंग’ हे शब्द आता मराठी बोलण्यातही सहज येतात. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे तंत्रज्ञानाच्या बातम्यांमध्ये रोज दिसते. यातल्या ‘थिंग’चा अर्थ कोणी विचारला, तर ‘वस्तू’ असे उत्तर शाळकरी मुलगाही देईल. मात्र आइसलँडची संसद ‘अल्थिंग’, नॉर्वेची ‘स्टोर्टिंग’ आणि डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’ यांच्या नावात हाच शब्द आहे. स्वीडनच्या जिल्हा न्यायालयाच्या नावातही तो आहे. सन ९३० मध्ये प्रथम भरलेल्या अल्थिंगला २०३० मध्ये ११०० वर्षे पूर्ण होतील. वस्तू, खटला, न्यायालय आणि संसद असे अर्थ एकाच शब्दात कसे आले आणि त्यातला कोणता आधीचा, याचा हा वेध.

‘थिंग’चा मूळ अर्थ काय?

इंग्रजी, जर्मन, डच, फ्रिजियन, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक, फॅरोज या भाषा जर्मानिक कुळातल्या. मराठी, हिंदी, बंगाली यांच्यात जसे नाते आहे, तसेच यांच्यात आहे. त्यामुळे एकच जुना शब्द या सर्व भाषांत थोड्याफार फरकाने सापडतो. इंग्रजी आणि आइसलँडिकने ‘थ’ हा उच्चार राखला, म्हणून तिथे ‘थिंग’. जर्मन आणि डच भाषांत ‘थ’चा ‘द’ झाला, म्हणून ‘डिंग’. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘त’ झाला, म्हणून ‘टिंग’.

या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात अर्थ वस्तू नसून ‘सभा’ हा आहे. तंटे सोडवण्यासाठी, कायदे ठरवण्यासाठी, युद्ध करायचे की तह हे ठरवण्यासाठी स्वतंत्र नागरिकांनी एकत्र जमायचे, ती ‘थिंग’. त्याच्याही मागे ‘ठरलेली वेळ’ हा अर्थ असावा, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत याच धातूपासूनच्या शब्दाचा अर्थ ‘वेळ’ असा होता. ठरलेल्या दिवशी भरते ती सभा, असा हा प्रवास. मराठीत ‘उद्या तारीख आहे’ म्हटले की कोर्टातली सुनावणी समजली जाते, तसेच हे झाले.

जुने पुरावे कोणते?

एक पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडला. इंग्लंडच्या उत्तरेला रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्स नावाचा किल्ला आहे. तिथे १८८३ मध्ये तिसऱ्या शतकातले लॅटिन शिलालेख मिळाले. रोमन सैन्यात नोकरी करणाऱ्या जर्मानिक शिपायांनी ते कोरून घेतले होते. त्यात ‘मार्स थिंक्सस’ या देवाला वंदन आहे. मार्स हा रोमनांचा युद्धदेव. ‘थिंक्सस’ म्हणजे थिंगचा, सभेचा रक्षक, असा अर्थ लावला जातो.

याचा धागा आठवड्याच्या वारापर्यंत जातो. मार्स म्हणजे मंगळ आणि मार्सचा वार म्हणजे मंगळवार. जर्मन भाषेत मंगळवारला ‘डीन्सटाग’ आणि डचमध्ये ‘डिन्सडाग’ म्हणतात. ही नावे याच ‘थिंग’च्या देवावरून आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंग्रजी ‘ट्यूसडे’ हा ‘टिव’ या जर्मानिक देवाचा वार. रोमनांच्या मार्सच्या जागी जर्मानिक लोकांनी हाच देव धरला होता.

लिखित कायद्यांतही हा शब्द लवकर येतो. इटलीत राज्य करणाऱ्या लोम्बार्ड लोकांच्या रोथारी राजाने ६४३ मध्ये कायदेसंहिता जारी केली. तिला ‘गैरेथिंक्स’ म्हणजे भालाधारींच्या सभेची मान्यता घेतली गेली. इंग्लंडच्या केंट राज्यात सातव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या कायद्यात, ‘थिंग’मध्ये एखाद्यावर दावा केला गेला तर त्याने जामीन द्यावा, अशी तरतूद आहे. म्हणजे इंग्रजीतही या शब्दाची सुरुवात सभा आणि न्यायनिवाडा याच अर्थाने झाली.

सभेत चालायचे काय?

रोमन इतिहासकार टॅसिटस याने सन ९८ च्या सुमारास ‘जर्मानिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यात जर्मानिक टोळ्यांच्या सभांचे वर्णन आहे. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास लोक जमत. हत्यारे घेऊनच बसत. पुरोहित शांततेचा हुकूम देत. प्रमुखाचे म्हणणे पटले नाही तर लोक कुरकुरत आणि पटले तर भाले एकमेकांवर आपटत. टॅसिटस स्वतः सर्व पाहून लिहीत नव्हता, त्यामुळे त्याचा प्रत्येक तपशील जसाच्या तसा घेता येत नाही. मात्र पुढे स्कँडिनेव्हियात हत्यारे वाजवून निर्णयाला मान्यता देण्याची पद्धत होतीच. तिला ‘वाप्नाताक’ म्हणत. व्हायकिंग जिथे स्थायिक झाले, त्या उत्तर इंग्लंडमधल्या तालुक्यांना ‘वेपनटेक’ हे नाव त्यावरूनच पडले.

थिंग उघड्यावर, साधारण एखाद्या टेकडीजवळ भरे. तिथे शांतता पाळणे बंधनकारक असे. कायदे लिहिलेले नव्हते, ते पाठ असत. आइसलँडमध्ये यासाठी ‘कायदा सांगणारा’ हे पद होते. त्याची मुदत तीन वर्षे. दरवर्षी त्याने एक तृतीयांश कायदे सर्वांसमोर म्हणून दाखवायचे, म्हणजे तीन वर्षांत संपूर्ण संहिता लोकांच्या कानावरून जाई. इंग्रजीतला ‘लॉ’ हा शब्दही याच नॉर्स लोकांकडून आला आहे.

आइसलँडची अल्थिंग विशेष का?

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने नॉर्वेतून गेलेल्या लोकांनी आइसलँडमध्ये वस्ती केली. त्यांच्याकडे राजा नव्हता, सैन्य नव्हते, राजधानीही नव्हती. ९३० मध्ये संपूर्ण बेटासाठी एक सभा ठरली. ती अल्थिंग, म्हणजे सर्वांची थिंग. आजच्या रेक्याविकपासून सुमारे ४५ किलोमीटरवरील ‘थिंगवेट्लिर’ म्हणजे ‘सभेची मैदाने’ ही तिची जागा. युरोप आणि उत्तर अमेरिकेचे भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, त्या भेगांच्या प्रदेशातच हे मैदान आहे. २००४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

दर उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे अल्थिंग भरे. लोक घोड्यांवरून कित्येक दिवसांचा प्रवास करून येत आणि दगड-मातीच्या भिंतींवर कापड टाकून राहत. खटले चालत, लग्ने ठरत, व्यापार होई, बातम्या कळत. आपल्याकडच्या मोठ्या जत्रेला कोर्टकचेरीची जोड द्यावी, तसा हा प्रकार होता.

सभेने धर्म कसा ठरवला?

सन १००० च्या (काहींच्या मते ९९९ च्या) अल्थिंगमधला प्रसंग बाराव्या शतकात आरी थोर्गिल्सन या इतिहासकाराने नोंदवला. नॉर्वेच्या राजाच्या दबावाने आइसलँडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरत होता. जुने देव मानणारे आणि नवे ख्रिस्ती असे दोन तट पडले. दोन्ही बाजूंनी जाहीर केले की, यापुढे एकमेकांचा कायदा आपल्याला लागू नाही. यादवी समोर दिसत होती.

निर्णय ‘कायदा सांगणारा’ थोर्गेर याच्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. तो आपल्या तळावर गेला, अंगावर पांघरूण ओढून उरलेला दिवस आणि रात्रभर कोणाशी न बोलता पडून राहिला. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या खडकावर उभे राहून त्याने आधी सर्वांकडून शब्द घेतला, की देशात एकच कायदा राहील. कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. मग निवाडा दिला. सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र घोड्याचे मांस खाणे, नकोशी अर्भके उघड्यावर सोडून देणे या जुन्या रूढी तूर्त चालू राहतील आणि जुन्या देवांना खासगीत बळी देण्यास मनाई नसेल. ज्या बाजूचा तो होता, तीच हरली. तरीही निवाडा पाळला गेला. या सवलती काही वर्षांनी रद्द झाल्या.

मग ही लोकशाही होती का?

आजच्या अर्थाने नाही. अल्थिंगमधला कायदेविषयक निर्णय ‘गोथी’ म्हणवल्या जाणाऱ्या स्थानिक प्रमुखांच्या हाती होता. त्यांची संख्या आधी ३६ आणि नंतर ३९ होती. स्वतंत्र शेतकऱ्याला कोणत्या प्रमुखाच्या मागे जायचे हे निवडता येई, पण प्रमुखपद वारशाने मिळे, विकत घेता-देताही येई. गुलामांना स्थान नव्हते. स्त्रियांना निर्णयात भाग नव्हता.

दुसरी उणीव अंमलबजावणीची. थिंग निकाल देई, पण तो अमलात आणायला पोलीस नव्हते. जिंकलेल्यानेच तो वसूल करायचा. त्यामुळे ज्याच्यामागे माणसे अधिक त्याची बाजू बळकट. पुढे मोजक्या घराण्यांत सत्ता एकवटली, रक्तरंजित संघर्ष झाले आणि १२६२ ते १२६४ दरम्यान आइसलँडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व पत्करले. अल्थिंग उरली, पण हळूहळू तिचे न्यायालयच झाले. १५६४ च्या कठोर नीतिकायद्यानंतर विवाहबाह्य संबंध, अर्भकहत्या अशा आरोपांखाली स्त्रियांना थिंगवेट्लिरमधल्याच एका डोहात बुडवून मारले गेले. तो डोह पर्यटकांना आजही दाखवला जातो.

सभेची ‘वस्तू’ कशी झाली?

सभा या अर्थाचा शब्द आधी सभेपुढच्या प्रकरणासाठी वापरला जाऊ लागला. प्रकरणावरून ‘कोणतीही बाब’ आणि बाबीवरून ‘कोणतीही वस्तू’ असा तो पसरत गेला. जुन्या इंग्रजीतच हे अर्थ एकमेकांशेजारी दिसतात. नंतर इंग्रजीत सभा हा अर्थ गळून पडला आणि नाव न आठवणाऱ्या कशालाही ‘थिंग’ म्हणता येऊ लागले.

जर्मनमध्येही ‘डिंग’ म्हणजे वस्तू, पण जुन्या कोर्टाच्या खुणा इतर शब्दांत आहेत. आरोपीला अटक करणे म्हणजे त्याला ‘डिंगफेस्ट’ करणे, थिंगपुढे उभा करता येईल असा बांधून ठेवणे. अट किंवा शर्त या अर्थाचा ‘बेडिंगुंग’ हा शब्द करारमदारातून आला. ‘फरटायडिगन’ म्हणजे बचाव करणे. फुटबॉलच्या समालोचनात रोज येणाऱ्या या शब्दाच्या पोटात ‘टागे-डिंक’ म्हणजे सुनावणीचा दिवस आहे. डचमध्ये ‘खेडिंग’ म्हणजे खटला आणि ‘आफडिंगन’ म्हणजे भावात घासाघीस करणे. वाद घालण्याची जागा कोर्टातून बाजारात सरकली, एवढेच.

असा प्रवास करणारा हा एकटा शब्द नाही. जर्मन ‘झाखे’ आणि डच ‘झाक’ यांचा मूळ अर्थ तंटा किंवा खटला होता, आज तो बाब किंवा वस्तू असा आहे. लॅटिनमधला ‘काउझा’ म्हणजे कारण किंवा खटला. त्याचेच फ्रेंचमध्ये ‘शोज’, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘कोसा’ झाले. या सर्वांचा आजचा अर्थ वस्तू किंवा बाब असाच आहे. ज्याच्याविषयी माणसे भांडतात, ते आधी ‘प्रकरण’ असते, मग ‘वस्तू’ होते, असा हा क्रम युरोपात वारंवार दिसतो.

आज जुना अर्थ कुठे टिकला आहे?

नॉर्वेच्या १८१४ च्या राज्यघटनेने संसदेला ‘स्टोर्टिंग’ म्हणजे मोठी थिंग हे नाव दिले. डेन्मार्कच्या ‘फोल्केटिंग’चा अर्थ लोकांची थिंग. फॅरो बेटांवर ‘लॉगटिंग’ आणि फिनलंडच्या स्वीडिशभाषक ओलांड बेटांवर ‘लागटिंग’ आहे; दोन्हींचा अर्थ कायद्याची थिंग. स्वीडनने संसदेला वेगळे नाव दिले, पण जिल्हा न्यायालय ‘टिंग्सरेट’च आहे. नॉर्वेतही कनिष्ठ न्यायालय ‘टिंगरेट’ आणि त्यावरच्या दोन अपील न्यायालयांना ‘गुलाटिंग’ व ‘फ्रोस्टाटिंग’ या मध्ययुगीन सभांची नावे आहेत. डेन्मार्कमध्ये घर घेतले की त्याची ‘टिंगल्यूसनिंग’ करावी लागते. आपल्याकडच्या दस्त नोंदणीसारखा हा प्रकार. शब्दशः अर्थ ‘थिंगमध्ये जाहीर करणे’. २००९ पासून ही नोंदणी ऑनलाइन होते, नाव मात्र तेच आहे.

ब्रिटिश बेटांत हा शब्द गावांच्या नावांत लपला आहे. स्कॉटलंडमधले डिंगवॉल, शेटलंडमधले टिंगवॉल, लिव्हरपूलजवळचे थिंगवॉल ही सर्व ‘थिंगवेट्लिर’चीच भावंडे. आइल ऑफ मॅनची संसद ‘टिनवाल्ड’ हीदेखील त्यांतलीच. तिथे दरवर्षी जुलैमध्ये टेकडीवर अधिवेशन भरते आणि नव्या कायद्यांचा सारांश इंग्रजी व मँक्स भाषेत लोकांना वाचून दाखवला जातो. संमत कायदा ठरावीक मुदतीत असा जाहीर झाला नाही, तर तो रद्द होतो. याच बेटावर १८८१ च्या निवडणुकीत मालमत्ताधारक अविवाहित स्त्रिया आणि विधवांना मतदान करता आले.

ब्रिटनमध्ये निवडणूक प्रचारसभांना ‘हस्टिंग्ज’ म्हणतात, तेही मुळात ‘हूस-थिंग’ म्हणजे घरातली सभा. १८७२ मध्ये गुप्त मतदान येईपर्यंत याच नावाच्या मंचावर उमेदवार जाहीर होत. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील आदिवासी सामी समाजाने तर हा शब्द शेजाऱ्यांकडून उसना घेतला. त्यांची भाषा जर्मानिक नाही, पण नॉर्वेत १९८९ मध्ये आणि स्वीडनमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रतिनिधिगृहाचे नाव ‘सामेदिग्गी’ आहे. त्यातला ‘दिग्गी’ म्हणजे थिंगच.

या शब्दाचा गैरवापर कोणी केला?

नाझी जर्मनीने. १९३३ नंतर प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्याच्या पाठबळाने ‘थिंगश्पील’ नावाची नाट्यचळवळ सुरू झाली. प्राचीन जर्मानिक सभांचा वारसा सांगत मोकळ्या जागी प्रचंड प्रेक्षागृहे बांधण्याची योजना होती. शेकडोंचे बेत झाले, काही डझनच उभी राहिली. हायडेलबर्गजवळच्या डोंगरावरील अशा एका प्रेक्षागृहाचे उद्घाटन जून १९३५ मध्ये गोबेल्सने केले. ते अजून तिथे आहे. लोकांचा उत्साह लवकरच ओसरला आणि सत्ताधाऱ्यांनीही ‘थिंग’ हा शब्द वापरणे थांबवले. या प्रयोगात नाव सभेचे होते, पण सभेचा गाभाच नव्हता. जुन्या थिंगमध्ये जमलेला माणूस कुरकुर करून प्रस्ताव फेटाळू शकत असे. इथे हजारोंनी जमून ठरलेल्या घोषणाच द्यायच्या होत्या.

आइसलँडला या शब्दाने काय दिले?

डेन्मार्कच्या राजवटीत १८०० मध्ये अल्थिंग बरखास्त झाली. ती परत मिळवणे ही एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रीय चळवळीची पहिली मोठी मागणी ठरली. १८४३ च्या राजाज्ञेने ती मान्य झाली आणि १८४५ मध्ये रेक्याविकला अल्थिंग पुन्हा भरली. चळवळीचे नेते योन सिगुर्दसन यांच्या जन्मदिनी, १७ जून १९४४ रोजी, भर पावसात थिंगवेट्लिरला जमलेल्या लोकांसमोर प्रजासत्ताकाची घोषणा झाली. २००८ मध्ये देशातल्या मोठ्या बँका बुडाल्यानंतर जानेवारी २००९ मध्ये हजारो लोक अल्थिंगच्या इमारतीसमोर पातेली आणि तवे बडवत उभे राहिले. काही दिवसांतच सरकारला राजीनामा द्यावा लागला.

मराठीत असे काही घडले का?

घडले, आणि जवळपास त्याच वाटेने. मराठीतला ‘गोष्ट’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’पासून आला. ‘गोष्ठ’ म्हणजे गाई बांधण्याची जागा. त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे माणसांची बैठक, सभा आणि तिथले संभाषण. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त नागरिकांच्या अशा गोष्ठींचे वर्णन आहे. हिंदीत ‘काव्यगोष्ठी’ म्हणजे आजही कवींची बैठकच. मराठीत मात्र सभा मागे पडली आणि सभेत बोलले जाणारे उरले. त्यातून दोन अर्थ फुटले. एक आजी सांगते ती कथा आणि दुसरा ‘एक गोष्ट लक्षात ठेव’ यातली बाब. बाजारातून ‘चार गोष्टी आणायच्या आहेत’ म्हणताना तर ती थेट वस्तू होते. इंग्रजी ‘थिंग’चे मराठी भाषांतर अनेकदा ‘गोष्ट’ असेच केले जाते. दोन्ही शब्द मुळात सभेचेच होते.

रोजच्या चर्चेतला ‘मुद्दा’ही दाव्यातून आला आहे. अरबीत ज्या धातूपासून ‘दावा’ झाला, त्याच धातूपासून ‘मुद्दा’ झाला. पोलिसांच्या पंचनाम्यातला ‘मुद्देमाल’ त्याच घरातला. जर्मानिक भाषांत मात्र एक वेगळेपण आहे. इंग्रजीने सभा विसरून वस्तू ठेवली, मराठीनेही बैठक विसरून गोष्ट ठेवली. पण नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये ‘टिंग’ म्हटले की वस्तू आणि संसद असे दोन्ही अर्थ आजही शब्दकोशात शेजारी-शेजारी आहेत. मराठीत सभेची खूण शोधायची, तर ‘गोष्टी करत बसणे’ या बोलण्यात ती सापडते.